दूध संस्थेने स्वतःचे ॲप काढावे का?

सांगली जिल्ह्यातील एका प्राथमिक दूध उत्पादक संस्थेच्या सचिवांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे सुमारे चारशे उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, जवळपास प्रत्येक घरात स्मार्टफोन आहे, आणि शेजारच्या गावातील संस्थेने स्वतःचे ॲप काढल्यापासून वार्षिक सभेत ‘आपले का नाही’ अशी विचारणा होऊ लागली आहे. एका विक्रेत्याने अंदाजपत्रकही देऊन ठेवले आहे. ॲपची ही लोकप्रियता टिकणारी आहे का, ॲपचे नवे उपयोग म्हणतात ते नेमके कोणते, आणि अशा संस्थेने त्यात पैसे घालावेत का, असे तीन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आहेत.

मी गेली पंधरा-सोळा वर्षे पुण्यात मोबाइल ॲप बनवण्याचेच काम करतो. सुरुवातीची काही वर्षे शहरातील दुकाने आणि वाहतूक यांच्या ॲपमध्ये गेली, नंतरची बहुतेक शेतमाल, संकलन केंद्रे आणि सहकारी संस्था यांच्या कामात गेली. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. सचिवसाहेब, ॲप जरूर काढा, मात्र ते चारशे उत्पादकांसाठी काढू नका. तुमच्या केंद्रावर पहाटे काट्यापाशी उभा राहणारा जो एक माणूस आहे, त्याच्यासाठी काढा. उत्पादकांना मोबाइलवर एक संदेश पुरेसा आहे. हे सभेत सांगायला अवघड जाईल याची मला कल्पना आहे, कारण शेजारच्या गावाच्या ॲपवर संस्थेचे बोधचिन्ह आणि अध्यक्षांचा फोटो झळकत असणार.

आता लोकप्रियतेविषयी. तिचा पहिला टप्पा असा. ॲपल कंपनीने जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले तेव्हा त्यात पाचशे ॲप होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचे दुकान सुरू झाले, ज्याला २०१२ पासून आपण प्ले स्टोअर म्हणतो. आपल्याकडे मात्र ॲपची सवय लागायला स्मार्टफोनची वाट पाहावी लागली नव्हती. मुंबईच्या लोकलमध्ये सचिन टेके यांचे एम-इंडिकेटर पसरले ते जावाच्या, बटणांच्या फोनपासूनच. त्यात गाड्यांचे सगळे वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असे, त्यामुळे ते पाहायला इंटरनेट लागत नसे. पुलावरून धावत उतरणाऱ्या माणसाला पुढची जलद गाडी किती वाजता आणि कुठल्या फलाटावर, एवढेच हवे असते, आणि ते दोन बटणांत मिळत होते. ज्या कामासाठी माणूस आधीपासून खिशात छापील वेळापत्रक बाळगत होता किंवा स्थानकावरच्या दर्शकाकडे मान वर करून पाहत होता, तेच काम ॲपने उचलले. नवी सवय लावण्याच्या फंदात ते पडले नाही. माझ्या पाहण्यात जी ॲप तगली त्यांच्याबाबत हे जवळजवळ न चुकता खरे ठरले आहे आणि जी मेली त्यांच्याबाबत याच्या उलट. मी स्वतः एका कृषी सेवा केंद्रासाठी मोठ्या हौसेने ॲप केले होते. त्यात पिकांची माहिती, औषधांची मात्रा, हवामान, बाजारभाव सगळे होते. उद्घाटनाला सगळ्यांनी ते घेतले, आणि महिन्याभरानंतर उघडणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. गिऱ्हाईक दुकानात येत होते ते रोगट पान हातात घेऊन, काउंटरवरच्या माणसाला दाखवायला, आणि त्या पानाला आमच्या ॲपमध्ये जागाच नव्हती.

दुसरा टप्पा २०१६ चा, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडला. एप्रिलमध्ये यूपीआयची सुरुवात झाली, सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि वर्ष संपता संपता भीम ॲप आले. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातील व्यवहारांनी एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. फोनवर माहिती पाहणारा माणूस फोनवर व्यवहार करू लागला, हा बदल मोठाच आहे. तरी माझ्या धंद्यातल्या लोकांनी यातून जो धडा घ्यायला हवा होता तो फार थोड्यांनी घेतला. भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे जमा झाल्याचे कळते ते कशावरून? तो फोन उघडून पाहत नाही. त्याचे हात मातीचे असतात, समोर तीन गिऱ्हाइके असतात, आणि एखादे पोरगे जमा झाल्याचा जुनाच फोटो दाखवून निघून जाण्याची भीती असते. टोपलीशेजारी ठेवलेली छोटी पेटी ‘ऐंशी रुपये मिळाले’ असे मोठ्याने बोलते आणि त्यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. गिऱ्हाइकाच्या बाजूला ॲप आहे, विक्रेत्याच्या बाजूला आवाज आहे. ज्याचे हात कामात गुंतलेले आहेत त्याच्यासाठी पडदा कुचकामी असतो, हे लक्षात ठेवा. दूध केंद्राकडे आपण परत येऊ तेव्हा याचाच उपयोग होणार आहे.

तिसरा टप्पा सध्या चालू आहे आणि ‘नवे उपयोग’ म्हणून जे काही बोलले जाते त्यातला महत्त्वाचा भाग माझ्या मते हाच आहे. फोन आता साक्षीदार झाला आहे. त्याच्याकडे कॅमेरा आहे, तो कुठे आहे हे त्याला कळते, आणि वेळेची नोंदही तो आपोआप ठेवतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ‘अमुक माणूस अमुक ठिकाणी अमुक वेळी होता आणि त्याने हे पाहिले’ असा पंचनाम्यासारखा ऐवज तयार होतो. पूर्वी यासाठी सरकारी माणूस जागेवर यावा लागे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या राज्यातले आहे. सातबाऱ्यावरचा गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. ती तलाठ्याने हंगामात शिवारात फिरून करायची असे. प्रत्यक्षात एका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, अनेक गावे, हजारो गट, आणि त्यामुळे चावडीत बसून गेल्या वर्षीचेच पीक पुन्हा लिहिले जाण्याचे प्रकार सर्रास होत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, फोनवर करायची असे ठरले. खातेदार निवडायचा, गट क्रमांक निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र आणि पेरणीची तारीख भरायची आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. पुढच्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घालण्यात आले, त्यामुळे शेतापासून दूर उभे राहून फोटो काढला तर ॲप ते सांगू लागले.

मी ही नोंद माझ्या मामांच्या शेतात तीन हंगाम करून पाहिली आहे. पहिल्या वर्षी ओढ्याकाठच्या गटात नेटवर्क नव्हते. भरलेली माहिती फोनमध्ये राहिली आणि बांधावरून रस्त्यावर आल्यावर ती चढवावी लागली. ऊस डोक्याच्या वर गेलेला असला की गटाच्या आत शिरायला वाट नसते, आणि कडेला उभे राहिले तर फोन आपल्याला शेजाऱ्याच्या गटात दाखवतो, कारण झाडाखाली आणि ढगाळ हवेत त्याला जागा अचूक कळायला वेळ लागतो. मामांना आंतरपीक दाखवायचे होते. तूर आणि सोयाबीनच्या ओळींचे प्रमाण आणे-पैशांत सांगणाऱ्या माणसाला त्याचे हेक्टर-आर करून लिहायला बराच वेळ लागला. तरीसुद्धा मी या ॲपच्या बाजूने आहे. नोंद कोणी केली, कधी केली, कुठून केली हे आता दिसते, आणि अवकाळीची मदत किंवा पीक विमा मागताना शेतकऱ्याच्या हातात स्वतःने काढलेला फोटो असतो. मात्र यात तलाठ्याचे काम शेतकऱ्याच्या अंगावर आले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येत असल्याने प्रत्येक गावात एखादा बारावी झालेला मुलगा अर्ध्या गल्लीची पीक पाहणी करून देताना दिसतो. नव्या ॲपमुळे अशी एक नवी, बिनपगारी नोकरी दर वेळी तयार होते आणि ती कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. तुमच्या संस्थेत ती कोणाच्या गळ्यात पडणार, हे ठराव करण्यापूर्वीच ठरवा.

साक्षीदार-फोनची बाकीची उदाहरणे थोडक्यात सांगतो. पीक विम्यात स्थानिक आपत्तीचे संरक्षण असेल तिथे तिची सूचना बहात्तर तासांच्या आत द्यायची असते आणि ती ॲपवरून देता येते. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला २०२१ पासून चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. वय झाल्यावर बोटांचे ठसे पुसट होतात आणि यंत्र ते घेत नाही, ही ज्यांची दरवर्षीची रड होती त्यांना याचे मोल विचारा. वाहन परवाना डिजिलॉकरमधून दाखवला तर तो मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ थोडे वेगळे आहे. तिथे पुरावा द्यायचा नसतो, उलट आपण उभे आहोत त्या जागेच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरात वीज पडण्याचा धोका असेल तर फोनच आपल्याला सांगतो. परंतु तेही चालते ते फोनला आपली जागा ठाऊक असते म्हणूनच.

पुराव्याचे यंत्र आले की खोटा पुरावा करण्याची युक्तीही मागोमाग येते. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोन वेळा, जागेच्या नोंदीसह काढलेल्या फोटोने घेणे बंधनकारक झाले. पुढे फोटोचाच फोटो काढून चढवणे, भलताच फोटो टाकणे असे प्रकार इतके वाढले की २०२५ मध्ये केंद्र सरकारला त्याविषयी परिपत्रक काढावे लागले. आणि दुसऱ्या बाजूला, नेटवर्क नसल्याने फोटो चढला नाही म्हणून प्रत्यक्ष राबलेल्या मजुराची हजेरी बुडाली, अशाही तक्रारी होत्याच. माहिती देणारे ॲप चुकले तर गाडी चुकते. साक्ष देणारे ॲप चुकले तर माणसाची मजुरी चुकते.

हा फरक मला कसा कळला ते सांगतो, कारण ती चूक माझीच होती. एका शेतमाल संकलन केंद्रासाठी आम्ही वजन नोंदवण्याचे ॲप केले. कार्यालयात महिनाभर तपासले, सगळे व्यवस्थित चालले. केंद्रावर पाच फोन दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताळा लागेना. पावत्या जास्त आणि संगणकावरच्या नोंदी कमी. शेतकऱ्यांचा आवाज चढू लागला, केंद्रप्रमुख आमच्याकडे संशयाने पाहू लागले. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीच्या लक्षात आले की गहाळ झालेल्या सगळ्या नोंदी एकाच फोनवरच्या आहेत. तो फोन वापरणाऱ्या मुलाने फोनची भाषा मराठी करून घेतली होती, आणि आम्ही सगळे कार्यालयात इंग्रजी भाषेवर ठेवलेले फोन वापरत होतो. फोनची भाषा मराठी असली की तारीख आणि आकडे लिहिताना ॲप आपोआप देवनागरी अंक वापरत होते. पडद्यावर ‘२४८.५’ छान दिसत होते, पण तेच पुढे पाठवल्यावर तिकडच्या संगणकाला तो आकडा आहे हेच कळत नव्हते आणि तो नोंद नाकारत होता. दुरुस्ती दोन ओळींची होती: दाखवायचे आकडे कोणत्याही लिपीत असोत, यंत्राकडे जाणारे आकडे एकाच ठरलेल्या रूपात गेले पाहिजेत.

त्याहून मोठी चूक दुसरी होती. नोंद पलीकडे पोहोचण्यापूर्वीच आमचे ॲप हिरवी खूण दाखवून ‘नोंद झाली’ असे म्हणत होते. साक्षीदार खोटे बोलत होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामात तीन वेगवेगळ्या अवस्था दिसतात: नोंद फोनमध्ये आहे, नोंद पाठवली आहे, नोंद मिळाल्याचे उत्तर आले आहे. विक्रेता तुम्हाला ॲप दाखवायला येईल तेव्हा त्याच्यासमोर फोनचे इंटरनेट बंद करा, एक नोंद करायला सांगा आणि पडदा काय म्हणतो ते पाहा. त्यानंतर फोनची भाषा मराठी करून तीच परीक्षा पुन्हा घ्या. या दोन गोष्टींत निम्मे विक्रेते गळतात.

आता तुमचे केंद्र. उत्पादकाला संस्थेकडून रोज काय हवे असते? किती लिटर लागले, फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती, दर काय बसला. दहा दिवसांनी दुधाचा पगार किती झाला आणि पशुखाद्य व उचल यांची कपात किती. यापलीकडे त्याला संस्थेशी रोजचे काम नाही. ही माहिती पाहण्यासाठी तो दिवसातून दोनदा वेगळे ॲप उघडेल, त्याचा परवलीचा शब्द लक्षात ठेवेल, फोन भरला की आधी कुटुंबाचे फोटो पुसून ॲप राखेल, असे मला वाटत नाही. शिवाय दूध घालायला येतो कोण? बऱ्याच घरांतून सासूबाई किंवा शाळेत जाणारा मुलगा किटली घेऊन येतो आणि फोन असतो घरच्या कर्त्या माणसाच्या खिशात.

म्हणून त्याला संदेश पाठवा. साधा एसएमएस कोणत्याही फोनवर पोहोचतो, त्याला इंटरनेट लागत नाही आणि तो महिनोन्महिने फोनमध्ये राहतो, म्हणजे पुरावाही झाला. यात एक बारीक हिशेब आहे तो विक्रेते बहुधा सांगत नाहीत. रोमन लिपीतला एक एसएमएस एकशे साठ अक्षरांचा असतो, पण देवनागरी आली की मर्यादा सत्तरवर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण त्यात वेगळी मोजली जाते. सत्तरच्या वर गेलात की एका संदेशाचे दोन संदेशांचे पैसे. चारशे उत्पादक, दोन वेळा, तीस दिवस, म्हणजे महिन्याला चोवीस हजार संदेश होतात, तेव्हा ‘आदरणीय सभासद, आपले मनःपूर्वक आभार’ वगैरे मजकूर परवडत नाही. ‘स. ८.४ लि, फॅट ४.१, एसएनएफ ८.६, दर ३४.५०, रु. २८९.८०’ एवढे बसते आणि एवढेच वाचले जाते. संस्थांना असे संदेश पाठवण्यापूर्वी दूरसंचार कंपन्यांकडे नाव आणि मजकुराचा नमुना नोंदवून घ्यावा लागतो, त्याला काही दिवस लागतात, तेवढे गृहीत धरा. ज्यांना व्हॉट्सॲप चालते त्यांना तिथे पाठवता येईल. पुणे आणि मुंबईत मेट्रोचे तिकीटसुद्धा व्हॉट्सॲपवर मिळते. ‘वेगळे ॲप कशाला, जे उघडलेलेच आहे त्यातच द्या’ या दिशेने सगळे चालले आहे.

केंद्रावरच्या माणसाचे मात्र उलट आहे. पहाटे साडेपाच ते साडेसात तो एकाच जागी उभा असतो आणि तेच काम शंभर-दोनशे वेळा करतो. तिथे ॲपला खरे काम आहे. पण ते ॲप पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत बसून आखू नका, आणि आखणाऱ्यालाही बसू देऊ नका. त्याला दोन दिवस पहाटे केंद्रावर उभे करा. हात ओले असतात, ओल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही. एका हातात माप असते. दिवा बहुधा मागे असतो आणि पडद्यावर सावली पडते. रांगेतला तिसरा माणूस ‘कालची फॅट कमी का लागली’ म्हणून वाद घालत असतो. अशा वेळी टंकलेखन कमीत कमी हवे: फक्त उत्पादकाचा कोड दाबायचा, लिटर काट्यावरून आणि फॅट-एसएनएफ तपासणी यंत्रावरून थेट ॲपमध्ये आले पाहिजे. हाताने आकडा भरायची सोय ठेवावी लागतेच, कारण यंत्र बिघडते. पण हाताने भरलेली नोंद वेगळ्या रंगात दिसावी आणि संदेशातही तशी खूण यावी. भांडणे लागतात ती नेमक्या या नोंदींवरून. आणि प्रत्येक नोंदीनंतर ॲपने मोठ्याने बोलावे: ‘कोड एकशे सतरा, आठ लिटर चारशे, फॅट चार पूर्णांक एक.’ रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले की केंद्रचालकावरही वचक राहतो आणि त्याच्यावरचा खोटा आळही टळतो. भाजीवाल्याच्या पेटीचा धडा तो हाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ॲप लावल्याने फॅट वाढत नाही. तपासणी यंत्राची दुरुस्ती आणि प्रमाणीकरण वेळेवर होत नसेल, किंवा काट्यावर वैधमापनाचा शिक्का नसेल, तर ॲप ती चूक फक्त जास्त वेगाने आणि जास्त रुबाबात सर्वांपर्यंत पोहोचवील. गाईच्या दुधाचा दर ठरतो तो तीन पूर्णांक पाच फॅट आणि आठ पूर्णांक पाच एसएनएफच्या पायावर, आणि एका दशांशानेही दर बदलतो. पैसे कमी असतील तर आधी यंत्रावर खर्च करा.

अंदाजपत्रकाविषयी. त्यातला बनवण्याचा आकडा पाहू नका, दरवर्षीचा आकडा विचारा. प्ले स्टोअर दरवर्षी ॲपला नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायला लावते आणि जुळवले नाही तर नव्या फोनवर ते दिसेनासे होते. म्हणजे हात न लावता चालत राहील असे ॲप अस्तित्वातच नाही. प्ले स्टोअरवरचे खाते संस्थेच्या नावाने हवे, विक्रेत्याच्या नव्हे. खाते उघडण्याचा खर्च एकदाच पंचवीस डॉलर आहे, त्यासाठी ते दुसऱ्याच्या नावावर ठेवण्यात काही अर्थ नाही. विक्रेत्याशी बिनसले आणि खाते त्याचे असले, तर ॲप, त्याचे नाव आणि ते वापरणारे सगळे त्याच्याकडेच राहतात. मी अशी दोन भांडणे मिटवायला गेलो आहे आणि एकही मिटले नाही. मूळ प्रोग्राम आणि सगळी माहिती संस्थेच्या ताब्यात राहील, असे करारात लिहून घ्या.

काही विक्रेते प्ले स्टोअरचा त्रास टाळण्यासाठी ॲपची फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि ‘अनोळखी ॲपला परवानगी द्या’ हे बटण सुरू करायला सांगतात. हे कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. सध्या गावोगावी फसवणूक होते ती याच वाटेने. वाहतूक दंडाची पावती, बँकेची केवायसी, सरकारी अनुदान अशा नावाची फाइल येते, माणूस ती उघडतो, ती संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पलीकडे जातो. असे झाले तर तात्काळ १९३० वर फोन करायचा असतो, हे नोटीस फलकावर लिहून ठेवा. पण मुळात संस्थेनेच चारशे घरांना बाहेरची फाइल बिनधास्त उघडायची सवय लावली, तर पुढच्या चोराचे काम तुम्हीच सोपे केले म्हणायचे.

ॲप कोणत्या परवानग्या मागते तेही पाहा. दूध मोजणाऱ्या ॲपला फोनमधल्या संपर्कांची यादी कशाला हवी? कर्ज देणाऱ्या ॲपनी हीच यादी घेऊन नातेवाइकांना फोन करून लोकांना छळले, आणि २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा ॲपना संपर्क, फोटो आणि कॉलच्या नोंदी यांपासून दूर राहायला सांगावे लागले. उत्पादकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि बँक खाते एवढे तुमच्याकडे आधीच आहे. आधार क्रमांक ॲपमध्ये साठवू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे माहिती कशासाठी घेता हे सांगून संमती घ्यायची आहे, आणि ती सूचना मराठीत मागण्याचा सभासदाला हक्क आहे. एक पानाचा साधा मराठी मजकूर करून घ्या, वकिली भाषांतर नको.

ठराव करण्यापूर्वी तालुका संघाकडे आणखी एक चौकशी करा. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची संकलन केंद्रांसाठी एएमसीएस नावाची तयार प्रणाली आहे. तुमचा संघ ती किंवा तिच्यासारखी दुसरी वापरत असेल, तर स्वतःचे वेगळे ॲप काढून एकाच दुधाचे दोन हिशेब करण्यात काय अर्थ आहे? तसे असेल तर विक्रेत्याचे अंदाजपत्रक परत करा आणि तो पैसा नव्या तपासणी यंत्राकडे वळवा.

तशी सोय नसेल, तर एका केंद्रावर आणि एकाच पाळीला सुरुवात करा. सकाळची पाळी घ्या, कारण संध्याकाळी दूध कमी आणि गप्पा जास्त असतात. कागदी पावती चालूच ठेवा. दहा दिवसांनी वहीचा हिशेब आणि ॲपचा हिशेब समोरासमोर मांडून, जिथे फरक असेल त्या उत्पादकाला बोलावून, त्याच्या हातातली पावती पाहून चूक कोणाची ते ठरवा आणि ते लिहून ठेवा. पहिल्या दहा दिवसांत फरक निघणारच, निघाला नाही तर कोणीतरी आकडे जुळवून घेतले आहेत असे समजा. लागोपाठ दोन पगार काहीही न जुळवता जुळले, की मग पावतीच्या कागदाचा नवा रोल मागवणे थांबवा.